यागोदाचा डावा कान

इअरफोन सुपात पडला तेव्हा सगळं टेबल हसलं, आणि सगळ्यांत मोठ्याने हसली ती यागोदाच.

पिरोत गावाकडच्या लग्नांत गायिकेने नुसतं स्टेजवर उभं राहून भागत नाही. टेबलाटेबलांमधून फिरायचं, मानाच्या पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, वाकायचं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन गायचं. कानाशी गाणं म्हणतात त्याला. पाहुणा डोळे मिटतो, कधी रडतो, कधी ग्लास फोडतो. सव्वीस वर्षं यागोदा असं गात आली होती. त्या दिवशी ती नवऱ्यामुलाच्या आईच्या कानाशी वाकली, आणि तिच्या स्वतःच्या डाव्या कानातून ते चिमुकलं यंत्र निसटून कोकराच्या सुपात डुबकन गेलं.

"अगं बाई!" वरमाय चमच्याने सूप ढवळत ओरडली. "यागोदा, तुझा कान गळून पडला की गं!"

"राहू दे, दुसरा आहे माझ्याकडे," यागोदा म्हणाली, आणि गाणं जिथे तुटलं होतं तिथूनच उचललं.

मध्यंतरात जावई वुकान टिश्यूने इअरफोन पुसत बसला. बँडमधला साउंड तो बघायचा. हे कानात घालायचं खूळ त्यानेच आणलं होतं. पूर्वी स्टेजवर पायाशी दोन काळे खोके असायचे, त्यांतून आपला आवाज आपल्याला ऐकू यायचा. आता सगळे बँड कानात घालून गातात.

"सासूबाई, मोठं बोंड लावलं होतंत ना?"

"सगळ्यांत मोठं."

"मग संपलं. याच्याहून मोठं रबरी बोंड कारखान्यात बनत नाही."

"मग कारखानदाराला म्हणावं, एकदा पिरोतला ये नि माझा कान बघून जा."

अ‍ॅकॉर्डियन मांडीवर घेऊन बसलेला तिचा नवरा बुदिमिर मान न वळवता म्हणाला, "टॉर्च घेऊन ये म्हणावं. आत हरवेल बिचारा."

यागोदाच्या कानांची भोकं मोठी, ही घरातली जुनी थट्टा होती. ती डोंगरावरच्या गावातली, मेंढपाळाची मुलगी. चेरीच्या दिवसांत पोरं कानात बिया घालून कोण जास्त वेळ टिकवतं याची पैज लावायची. इतरांच्या बिया अडकायच्या, चिमट्याने काढाव्या लागायच्या. यागोदाच्या कानात घातली की टपकन बाहेर. "आमच्या पोरीच्या कानात काही राहत नाही," तिचा बाप सांगायचा, "ना बी, ना मी सांगितलेलं."

पण आता प्रश्न थट्टेचा नव्हता. इअरफोन सैल बसला की ढोल पातळ होतो, बास गायब होतो, आणि स्वतःचा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा वाटतो. मग गाणारी बाई घाबरून जोर लावते, आणि जोर लावला की सूर चढतो. पिरोतची माणसं उशिरा आलेला बँड एक वेळ माफ करतील. महागडा माफ करणार नाहीत. आणि बेसूर तर मेल्यावरसुद्धा नाही.

म्हणून शोध सुरू झाला. वुकानने परदेशातून पाकिटं मागवली. एकावर एक तीन छत्र्या असलेलं बोंड आलं. ते आत जायचं ठीक, पण पहिल्या लांब तानेला सरकायचं. स्पंजाचं आलं, ते दाबून बारीक करायचं, घालायचं आणि आत फुगू द्यायचं. ते फुगायचं, पण घामाने भिजून कोलो नाचाच्या तिसऱ्या फेरीत बाहेर. कानामागून वळणारी आकडीही आली. शेवटी बुदिमिरने बोंडावर चिकटपट्टीचे चार वेढे दिले.

"ट्रॅक्टरचा टायर झालाय हा," यागोदा म्हणाली.

"चिखलात रुतणार नाही निदान."

टायर उजवीकडे बसला. डावीकडे बसला नाही. ती बोटाने डावा दाबत राहायची. दर कडव्याला एकदा, पुढे दर ओळीला. मध्यंतरात केसांतली पिन काढून हळूच कान खाजवायची. खाजवलं की बरं वाटायचं.

फेब्रुवारीत वुकान तिला नीशला घेऊन गेला. बसस्टँडमागच्या इमारतीत, तळमजल्यावर, डोब्रिवोये नावाचा माणूस कानाच्या मापाचे साचे बनवत असे. जास्त करून म्हाताऱ्यांच्या श्रवणयंत्रांसाठी. साठीचा, जाड चष्म्याचा, मनगटाला कायम गुलाबी लुकण चिकटलेलं.

"मिस्त्री, भोक मोठं आहे हं," यागोदाने आधीच सांगून टाकलं. "लाजू नका. लागेल तितकं ओता."

"ताई, मी घोड्याच्या कानाचं मापसुद्धा घेतलंय."

"खरंच?"

"नाही. पण गिऱ्हाईकाला धीर येतो."

त्याने तिच्या दातांमध्ये स्पंजाचा ठोकळा दिला. "गाताना तोंड उघडतं ना? मग माप उघड्या तोंडानेच घ्यायचं. मिटल्या तोंडाचं माप पहिल्याच 'आ'ला सैल होतं. तुमचे पैसे इतके दिवस तिथेच गेले." पिचकारीने त्याने गार लुकण कानात सोडलं. जग बंद झालं. पाच मिनिटं यागोदाला फक्त स्वतःचं रक्त ऐकू येत होतं.

मग त्याने दोन्ही ठसे काढून तळहातावर ठेवले. गुलाबी, वाकडे, सोललेल्या कोळंबीसारखे.

"ऐसपैस आहेत," तो म्हणाला. "पण जुळे आहेत. शोभतात एकमेकांना."

त्या ठशांवरून इअरफोन बनले, आणि ठसे त्याने आठवण म्हणून एका काड्यापेटीत घालून तिला दिले. मार्चमधल्या पहिल्या लग्नात यागोदाने ते घातले आणि ती स्टेजवर थबकलीच. ढोल पोटात वाजत होता. स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. बुदिमिर चुकीचा सूर लावायच्या आधी त्याची बोटं कचरतात, तेही ऐकू येत होतं.

"सव्वीस वर्षं तू असा वाजवतोस?" तिने मध्यंतरात विचारलं.

"म्हणून तुला आधी घेऊन देत नव्हतो," बुदिमिर म्हणाला.

तो वसंत तिच्या आयुष्यातला सगळ्यांत सुरेल होता. जुलैपर्यंत.

जुलैत डावा सैल झाला. आधी हसताना, मग गाताना, मग नुसती मान वळवली तरी. यागोदाने त्यावर पातळ पट्टी गुंडाळली. पंधरवड्याने दुसरी.

"रबर आटलंय," बुदिमिरने निकाल दिला. "उन्हात गाडीत राहिलं असेल."

ऑगस्टमध्ये ती पुन्हा डोब्रिवोयेसमोर बसली. "मिस्त्री, तुमचं रबर आटलं."

त्याने इअरफोन हातात घेतला, जुना ठसा मागितला, दोन्ही चष्म्याजवळ धरले. पुन्हा ठोकळा, पुन्हा पिचकारी, पुन्हा ती पाच मिनिटं. या वेळी लुकण जरा जास्तच लागलं, आणि ठसा निघताना आतून काहीतरी ओढल्यासारखं झालं. नवा डावा ठसा त्याने जुन्याशेजारी ठेवला. जुना निमुळता होत गेलेला. नव्याच्या टोकाशी, खालच्या अंगाला, एक गोल फुगवटा.

"ताई, रबर आटत नाही."

"मग?"

"कान वाढलाय."

यागोदा हसली. "सेहेचाळिसाव्या वर्षी? बाकी काही वाढायचं राहिलं नव्हतं!"

तो हसला नाही. ठशाचं टोक त्याने नाकाशी नेलं, लगेच लांब केलं, आणि एका कागदावर दोन ओळी खरडल्या. "याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर कानाच्या डॉक्टर आहेत. आत्ता वर जा. उजवा जसाच्या तसा आहे, ताई. एकाच माणसाचा एकच कान वाढत नाही."

ती जिन्यापर्यंत गेली. खरंच गेली. एक पायरी चढलीसुद्धा. तेवढ्यात बाहेरून बुदिमिरचा हॉर्न वाजला. बारा वाजता बेला पालांका गावात लग्न होतं. आणि हॉर्न वाजला नसता, तरी त्या जिन्यावर तिच्या मनात दुसरंच चाललं होतं. तिसऱ्या मजल्यावर पिरोतचं एक तरी माणूस बसलेलं असणार. गायिका कानाच्या डॉक्टरकडे गेली, हे संध्याकाळपर्यंत गावभर होणार. 'यागोदाला ऐकू येईना झालंय' असं त्याचं भाषांतर व्हायला एक कॉफी पुरे. पुढच्या वर्षीची अकरा लग्नं ठरलेली होती.

कागद तिने काड्यापेटीत, ठशांसोबत घातला.

"काय म्हणाला तो?" गाडीत बुदिमिरने विचारलं.

"म्हणाला, कान वाढलाय."

"तुझे कान मोठेच आहेत," तो म्हणाला, आणि गिअर टाकला.

शरद ऋतूत पिरोतमध्ये अंगणाअंगणात मिरच्या भाजतात, सगळ्या गावाला एकच वास असतो. त्या वासातही बुदिमिरला दुसरा वास आला.

"तुझ्या पर्समध्ये चीज राहिलंय का गं?"

"चीज कशाला ठेवीन मी पर्समध्ये?"

"जुनं चीज आहे. कुजलेलं."

यागोदाने पर्स टेबलावर उपडी केली. लिपस्टिक, पिना, रुमाल, काड्यापेटी, इअरफोनची डबी. तिने डबी उघडली, आणि लगेच मिटली. रात्री उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग असायचा; तो तिने गेला महिनाभर उशी उलटी करून लपवला होता.

शेजारच्या स्तोयान्काकाकूंना मात्र भिंतीपलीकडून कळलं. पिरोतमध्ये भिंती असतात त्या कशासाठी, देव जाणे.

"आरपार वारा!" काकू दारातूनच म्हणाल्या. "स्वयंपाकघराची खिडकी उघडी, इकडे दार उघडं, आणि मध्ये ही बाई घामाघूम उभी. कानात वारा शिरणार नाही तर काय होणार? माझी मावशी अशीच गेली."

"मावशीला ट्रकने उडवलं होतं, काकू."

"उडवलं, कारण हॉर्न ऐकू आला नाही. का नाही आला? वारा!"

काकूंनी मेणकापडाची लांब सुरळी आणली. यागोदाला उजव्या कुशीवर झोपवलं, सुरळीचं टोक डाव्या कानात बसवलं. मोठ्या भोकात सुरळी डुगडुगली तेव्हा भोवती ओला कपडा गुंडाळला, आणि वरचं टोक पेटवलं. कानात आगीचा सूंऽऽ आवाज आला. उबेने बरं वाटलं. सुरळी जळत बोटभर उरल्यावर काकूंनी ती विझवून कात्रीने उभी चिरली.

"बघ! बघ किती घाण निघाली!"

आत पिवळं-तपकिरी काहीतरी होतं. प्रत्येक सुरळीत निघतं तसंच. ते सुरळीचंच मेण असतं, हे पिरोतमध्ये कुणी कधी कुणाला सांगत नाही.

काकूंनी राकिया दारूत बुडवलेला कापूस कानात कोंबला आणि डोक्याला लोकरी स्कार्फ आवळला. हिवाळाभर यागोदाच्या घरातली एकही खिडकी उघडली नाही. ती सगळ्यांना सांगायची, खूप फरक आहे. फरक होता. दुखणं आता कानात नव्हतं, कानाच्या मागे, खोल गेलं होतं. कुणीतरी भिंतीपलीकडे सावकाश कोरत बसल्यासारखं.

डोब्रिवोयेने नव्या ठशावरून बनवून ठशासकट पाठवलेला दुसरा इअरफोन एप्रिलमध्ये सैल झाला. या वेळी ती नीशला गेली नाही. तिने स्वतःच वर पट्टी गुंडाळली. वुकान बघत होता.

"सासूबाई, हा दुसरा आहे. वर्षात दोन."

"माझे कान मोठे आहेत, वुकान."

"उजवा अजून पहिलाच चालतोय."

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की तो केबल गुंडाळायला निघून गेला.

जूनमधल्या त्या शनिवारी सकाळी कॉफी पिताना तिच्या ब्लाऊजवर डाग पडला. तिला वाटलं कप फुटका आहे. तिने कप बदलला. दुसराही फुटका निघाला.

लग्न दिमित्रोवग्रादच्या रस्त्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये होतं. तीनशे माणसं, भर दुपार, सोळा खिडक्या सताड उघड्या. पहिली दोन गाणी बरी गेली. तिसऱ्यात तिला स्वतःच्या आवाजाखाली एक बारीकसा आवाज ऐकू आला. फुर्र. तिने वुकानकडे बघितलं. त्याने खांदे उडवले, लाइन स्वच्छ होती. पुढच्या ओळीत 'प' आला. तिने ओठ मिटले, आणि डाव्या कोपऱ्यातून हवा निसटली. फुर्र. तो आवाज यंत्राचा नव्हता.

मानाच्या टेबलावर लग्नातला कूम, म्हणजे मुख्य साक्षीदार, बसला होता. त्याच्याशिवाय इकडे लग्न लागत नाही. सत्तरीचा, मिशाळ, राकियाने तांबूस झालेला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी वाकली. दोन ओळी झाल्या. कूमने डोळे उघडले, कानावरून हात फिरवला आणि ओली बोटं बघितली.

"यागोदा, पाऊस पडतोय का गं?" तो हसत तिच्याकडे वळला. हसणं त्याच्या मिशांतच राहिलं. "पोरी... तुझं तोंड."

तिने हात लावला. गाल जागेवर होता, ऊबदार होता. फक्त कोपरा खाली लोंबत होता, दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा.

"वारं गेलं!" कुणीतरी बाई ओरडली. "तोंडावरून वारं गेलं तिच्या! खिडक्या लावा!"

माणसं उठली. काकवा, मामा, वेटर, नवरामुलगासुद्धा. खट. खट. खट. एकेक करून सोळाच्या सोळा खिडक्या बंद झाल्या. जूनच्या उन्हात, तीनशे माणसांच्या घामात, कोबी-मटणाच्या वाफेत यागोदा उभी होती, आणि सगळे तिच्याकडे समाधानाने बघत होते, जणू तिचा जीव वाचवला. एका बाईने स्वतःची शाल काढून तिच्या डोक्याला गुंडाळली.

बुदिमिर अ‍ॅकॉर्डियन पोटावर घेऊन आला. "बस तू. उरलेलं मी गातो. घरी गेल्यावर काकू सुरळी लावतील, उद्या ठीक होईल."

यागोदाने शाल सोडली. पर्स उघडून काड्यापेटी काढली, कूमच्या ताटाशेजारी पांढऱ्या टेबलक्लॉथवर ती रिकामी केली. उजवा ठसा तिने बाजूला सारला. उरले दोन डावे. शेजारी तिने कानातून काढून इअरफोन ठेवला, वरच्या पट्टीच्या वेढ्यांसकट. फेब्रुवारी. ऑगस्ट. जून. लहान, मोठा, त्याहून मोठा. आणि घडी घातलेला एक कागद.

"गाडी काढ," ती म्हणाली.

"आत्ता? अजून केक कापायचाय. लोक काय म्ह—"

"बुदिमिर." तिच्या तोंडून त्याचं नाव धड निघालं नाही. 'ब' हवेत विरला, 'म' अर्धा राहिला.

त्याने ते ऐकलं. अ‍ॅकॉर्डियनचे पट्टे खांद्यावरून उतरवले. खाली ठेवताना त्यातून एक लांब सुस्कारा निघाला.

नीशच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी कान बघितलाच नाही. त्यांनी ते तिन्ही ठसे आणि तो गुंडाळलेला इअरफोन दिव्याखाली ओळीने मांडले.

"हे कुणी केलं?"

"मिस्त्रीने. माझी भोकं मोठी आहेत म्हणून."

"उजवं मोठं आहे. जन्मापासून." त्यांनी ऑगस्टच्या ठशावरच्या त्या गोल फुगवट्यावर पेन्सिल टेकवली. "डावं मोठं केलं गेलंय. आतली कातडी साठत जाते, कांद्यासारखी, थरावर थर. आणि हाड खाते. तुम्ही मापं घेत होतात, ते हे." पेन्सिल ठशाच्या पलीकडे, रिकाम्या जागेवर सरकली. "चेहऱ्याची नस इथून जाते. हा कागद ऑगस्टचा आहे. तुम्ही ऑगस्टमध्ये का नाही आलात?"

यागोदा बुदिमिरकडे बघत नव्हती, तरी तो खाली बघायला लागला.

ऑपरेशन साडेचार तास चाललं. जे खाणारं होतं ते काढलं. कानाच्या जागी आत एक पोकळी उरली. तिच्यात यापुढे काहीही घालायचं नाही, बोंड नाही, साचा नाही, कापूससुद्धा नाही. नस उघडी पडली होती, पण तुटलेली नव्हती. चेहऱ्याची हालचाल परत येईल का? "वर्षभर वाट बघा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कधी येते. कधी थोडी येते."

तिसऱ्या दिवशी डोब्रिवोये भेटायला आला, मनगटावरच्या गुलाबी डागासकट. खुर्चीच्या काठावर बसला.

"उजव्याचं माप आहे माझ्याकडे, ताई. एका कानाने गाणारे असतात. मी बनवून देईन."

"तोंडाचंही बनवता का, मिस्त्री?" तिने विचारलं. शब्द सांडत होते. ती रुमालाने ते टिपत होती.



तो गेल्यावर वॉर्डात उकाडा दाटला. चार खाटा, चार पट्टी बांधलेली डोकी, आणि बंद खिडकी. यागोदा उठली, भिंत धरत गेली आणि खिडकीची कडी काढली.

"अहो, काय करता!" शेजारच्या खाटेवरची बाई किंचाळली. "दार उघडं आहे! आरपार वारा! बाई, मराल!"

यागोदाने खिडकी पूर्ण उघडली. वारा आला, तिच्या डाव्या गालावर, पट्टीच्या कडेशी, उघड्या डोळ्यात. गालाला तो कळला. तिचा उजवा डोळा मिटला. डावा मिटला नाही.

ती तशीच उभी राहिली आणि हळूच, ओठ मिटून, 'प' म्हणून बघितला.

फुर्र.

तिने पुन्हा म्हणून बघितला.